कोवळं ऊन, साठ हजारांची पुडी आणि ड जीवनसत्त्व

कंबर धरलेली असते, मांड्या भरून येतात, पाटावरून उठताना एक हात जमिनीला टेकवावा लागतो. घरचे म्हणतात वय झालं, नाहीतर अंगात आळस भरलाय. ड जीवनसत्त्वाची कमतरता बहुतेक घरांत अशीच शिरते आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत तिला नाव मिळत नाही. नाव मिळालं की दुसरं टोक गाठलं जातं: मेडिकलमधून आणलेली साठ हजार युनिट्सची ड जीवनसत्त्वाची पुडी, दर आठवड्याला, महिनोन्‌महिने, कुणी थांबवेपर्यंत. या दोन टोकांच्या मध्ये काय करायचं, किती आणि कोणत्या क्रमाने, ते खाली दिलं आहे.

आधी माणूस बघा

ड जीवनसत्त्वाचं मुख्य काम म्हणजे खाल्लेल्या अन्नातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस आतड्यातून रक्तात ओढून घेणं. ते कमी पडलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली पातळी राखतात. म्हणून रक्तातलं कॅल्शियम बराच काळ ठीक दिसतं आणि हाडं मात्र आतून मऊ पडत जातात. मोठ्या माणसात याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात, लहान मुलात मुडदूस. सोबत धडाजवळचे स्नायू, म्हणजे मांड्या, नितंब, खांदे, ढिले पडतात. म्हणूनच सपाट जागी चालताना त्रास कमी आणि जिना, रिक्षाची पायरी, भारतीय पद्धतीचा संडास इथे अडचण जास्त.

घरी करून बघण्यासारखी एक चाचणी आहे. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं. घड्याळ लावा. वयस्कर माणसाला यात १५ सेकंदांहून जास्त वेळ लागला, किंवा हात न टेकता उठताच आलं नाही, तर मांड्यांचा जोर कमी झालाय हे नक्की. कारण ड जीवनसत्त्वच असेल असं नाही, पण तपासायला हवं. दुसरं, नडगीच्या पुढच्या हाडावर अंगठ्याने दाबून बघा. निरोगी हाडाला नुसता दाब कळतो, मऊ पडलेलं हाड दुखतं.

मुलांमध्ये चिन्हं वेगळी. टाळू दीड वर्ष उलटूनही भरत नाही, दात उशिरा येतात, मनगटं रुंद दिसतात, बरगड्यांच्या पुढच्या टोकांना मण्यांसारख्या गाठी लागतात, चालणं लांबतं. दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाकदार असणं स्वाभाविक आहे, त्यासाठी धावपळ नको. त्यानंतरही बाक वाढतच असेल, किंवा एकाच पायाला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तान्ह्या बाळाला झटका आला, किंवा कुणाच्याही हाताची बोटं आपोआप वळून आखडायला लागली, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असू शकतं. तिथे पुडी शोधत बसायचं नाही, थेट रुग्णालय.

स्वभाव बदलतो तो कसा

इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा थांबू.

मुडदूस झालेलं मूल किरकिरं होतं. उचलून घेतलं की रडतं, कारण बरगड्या आणि हाडं दुखतात. जरा मोठं मूल खेळायला जात नाही, ‘कडेवर घे’ म्हणतं, शाळेत पीटीच्या तासाला बसून राहतं, आणि त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. आजी देवळात जायचं बंद करते, कारण पायऱ्यांवर तोल जाईल ही भीती. आठवडाभर घरात बसली की चिडचिड वाढते, भूक मंदावते, झोप बिघडते. म्हणजे वागण्यात फरक पडतो, पण तो बव्हंशी दुखण्याच्या आणि अशक्तपणाच्या वाटेने. दुखणं ओसरलं की स्वभावही सुधारतो. स्नायूंची ताकद परत यायला मात्र काही आठवडे ते काही महिने लागतात, दुसऱ्या पुडीनंतर जादू होत नाही.

‘ड जीवनसत्त्वाने डिप्रेशन जातं’ हे मात्र सिद्ध झालेलं नाही. उदास माणसांत त्याची पातळी कमी आढळते हे खरं, पण उदास माणूस घराबाहेर कमी पडतो, हेही तितकंच खरं. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८,३५३ जणांना सुमारे पाच वर्षं रोज २,००० युनिट्स किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी देऊन पाहिली. २०२० साली निकाल आला: नैराश्याच्या प्रमाणात फरक नाही. तेव्हा कुणाची मानसोपचाराची औषधं चालू असतील, तर ड जीवनसत्त्वाच्या भरवशावर ती बंद करू नका.

थकवा, विसराळूपणा, हातापायांना मुंग्या, चिडचिड अशा मिश्र तक्रारी असतील तर एकट्या ड जीवनसत्त्वावर खापर फोडण्याआधी बी-१२, हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) बघून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते. डी थ्री (ड जीवनसत्त्वाचं त्वचेत बनणारं आणि पुडीत असणारं रूप) भरून काढलं आणि मुंग्या तशाच राहिल्या, असं झालं तर अनेकदा कारण हेच निघतं.

तपासणी: कोणती आणि कुणाची

मागायची चाचणी ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’. नावात साधर्म्य असलेली ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ वेगळी आणि महाग आहे. कमतरता असतानाही ती नॉर्मल किंवा वाढलेली येऊ शकते, त्यामुळे या कामाला निरुपयोगी. उपाशी राहायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला तसं सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. काही मशीनवर बायोटिनमुळे आकडा खोटा वर दिसतो. हाडं दुखत असतील तर त्याच रक्तातून कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि क्रिएटिनिनही करून घ्यावं. हाडं मऊ पडली असतील तर अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं असतं, आणि ते उतरायला लागणं ही उपचार लागू पडल्याची खूण.

आकडा वाचताना आधी एकक बघा. भारतात नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर छापतात, ब्रिटनमध्ये नॅनोमोल प्रति लिटर. लंडनहून मुलीने कळवलेले ५० म्हणजे पुण्यातल्या रिपोर्टवरचे २०. अडीचने भागायचं.

भारतातल्या एककात १२ च्या खाली स्पष्ट कमतरता. १२ ते २० अपुरं. २० च्या वर बहुतेकांच्या हाडांना पुरेसं. पण अनेक लॅब ३० च्या खाली काहीही असलं की लाल रंगात ‘अपुरं’ छापतात. ३० चा हा आकडा एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०११ च्या शिफारशीतून रूढ झाला, आणि त्याच संस्थेने २०२४ मध्ये ठरावीक पातळीचा आग्रह सोडला, धडधाकट माणसांची सरसकट तपासणीही करू नका म्हणून सांगितलं. त्यामुळे काही त्रास नसताना पॅकेजमध्ये फुकट मिळालेल्या २४ च्या आकड्याने झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

तपासणी खरी कामाची कुणाला? ज्यांची हाडं दुखतात, जे वारंवार पडतात, किरकोळ मारानेही ज्यांचं हाड मोडलं. फिट्सच्या फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या घेणारे, क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू असलेले (ही औषधं ड जीवनसत्त्व यकृतात लवकर मोडतात), मूत्रपिंड-यकृताचे रुग्ण, सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असलेले, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले, आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे.

ऊन: सावली मोजा, घड्याळ नंतर

बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात न्यायची आपली पद्धत छान आहे, ऊब मिळते. पण कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. त्वचेत ते तयार करणारे अतिनील बी किरण सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरात अडकतात. ओळखायचा सोपा नियम: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. लांब असेल तर ते नुसतं फिरायला चांगलं.

हा नियम महाराष्ट्रावर लावला की मजेशीर गोष्ट दिसते. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं, त्यामुळे मुंबईत सूर्य माथ्याजवळ येतो तो साधारण १२:४० च्या सुमारास, नागपुरात सव्वाबाराला. मेच्या मध्यात मुंबईत सकाळी साडेनऊलाच सावली उंचीपेक्षा आखूड होते, नागपुरात नऊलाच. म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात भर दुपारी उभं राहून उष्माघात ओढवून घ्यायची काही गरज नाही, सव्वानऊचं ऊन पुरे. उलट डिसेंबरच्या शेवटी मुंबईत ही वेळ साडेअकरा ते दीड-पावणेदोन इतकीच उरते आणि नागपुरात पावणेबारा ते पावणेएकच्या आसपास जेमतेम तासभर. थंडीत सकाळी आठला गच्चीवर बसून ऊन खाणाऱ्याला ऊब मिळते, डी थ्री नाही.

चेहरा सोडा, तो तसाही लहान भाग. हात कोपराच्या वरपर्यंत, पोटऱ्या, जमल्यास पाठ उघडी हवी. सुरुवात १५ मिनिटांनी करा, त्वचा लाल न होता ३० ते ४५ मिनिटांपर्यंत न्या, आठवड्यातून चार-पाच दिवस. आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे किरण शोषून घेतं, त्यामुळे गोऱ्या कातडीसाठी लिहिलेली ‘दहा मिनिटं पुरेत’ ही वाक्यं आपल्याला लागू नाहीत. पुण्यातल्या पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात, नेहमीच्या कपड्यांत पातळी २० च्या वर राहायला रोज तासाभराहून अधिक ऊन लागतं असं दिसलं होतं. शेतात, बांधकामावर राबणाऱ्याला हे आपोआप मिळतं. बँकेतल्या किंवा आयटीतल्या माणसाने दुपारच्या डब्यानंतर बाह्या दुमडून वीस मिनिटं चक्कर मारली तरी शून्यापेक्षा बरंच.

काय चुकतं? काचेच्या खिडकीतून येणारं ऊन. काच बी किरण अडवते, म्हणून बंद बाल्कनीत किंवा गाडीत बसून त्वचा काळवंडेल, पण जीवनसत्त्व नाही. दाट धुरकं असलेल्या शहरात किरण आणखी कमी पोचतात, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ढगच ढग. उन्हानंतर लगेच आंघोळ केली तर ड जीवनसत्त्व धुऊन जातं हा समज चुकीचा. ते त्वचेच्या आत तयार होतं, बाहेर नाही. उन्हाने त्याचा अतिरेकही होत नाही, कारण एका मर्यादेनंतर त्वचाच जादा माल निरुपयोगी रूपात बदलून टाकते. ल्युपस असलेले, डॉक्सिसायक्लिनसारखी उन्हाला संवेदनशील करणारी औषधं घेणारे, आणि सहा महिन्यांच्या आतली बाळं यांनी मात्र ऊन हा उपाय समजू नये.

ताटातून किती येतं

थोडं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला रोज ६०० युनिट्स सांगितले आहेत (४० युनिट्स म्हणजे १ मायक्रोग्रॅम). आता हिशेब मांडा. पिशवीवर ‘+एफ’ अशी निळी खूण असलेल्या दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिट्स घातलेले असतात, म्हणजे अर्ध्या लिटरमधून १०० ते १५०. तशीच खूण असलेल्या तेलातून २० ग्रॅममागे ९० ते १२५, तळणात थोडे कमीच. एका अंड्याच्या पिवळ्या बलकातून ४० च्या आसपास. सगळं जमेला धरलं तरी तीनशेच्या आगेमागे. बंगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आठवड्यातून दोनदा असतील तर बाजू सुधारते. गोठ्यातून आलेल्या साध्या दुधात ड जीवनसत्त्व नगण्य असतं, कॅल्शियम भरपूर. या दोन गोष्टींची गल्लत सतत होते.

शाकाहारी घरासाठी एक युक्ती: अळंबीचे काप करून, खालची पाती वर करून, दुपारच्या उन्हात अर्धा-एक तास ठेवायचे. त्यांच्यात डी टू, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं दुसरं रूप, तयार होतं आणि शिजवल्यावरही बऱ्यापैकी टिकतं. मात्र रोज नेमकं किती मिळालं ते मोजता येत नाही, म्हणून उपचाराच्या जागी नको.

नाचणी आणि तिळात ड जीवनसत्त्व नाही, पण कॅल्शियम आहे, आणि ते लागतंच. मोठ्या माणसाची रोजची गरज १,००० मिलिग्रॅम. पाव लिटर दुधातून तीनशेच्या आसपास, साठ ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून दोनशेच्या आसपास. नाचणीतलं फायटेट नावाचं द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं. मोड आणून किंवा आंबवून, आंबिलीसारखं, खाल्लं तर ते सुटं होतं.

पुडी: किती, कशी, कधी थांबायचं

कमतरता सिद्ध झालेल्या मोठ्या माणसासाठी डॉक्टर साधारण असं लिहितात: कोलेकॅल्सिफेरॉल (म्हणजे डी थ्री) ६०,००० युनिट्स, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. त्यानंतर महिन्याला एक, किंवा रोज १,००० ते २,००० ची छोटी गोळी. महिन्याची एक पुडी म्हणजे रोजचे सरासरी २,०००. लठ्ठ माणसात ड जीवनसत्त्व चरबीत मुरतं, त्यामुळे दुप्पट-तिप्पट लागू शकतं, ते डॉक्टरांनी ठरवायचं. गरोदरपणात मोठे डोस स्वतःहून घेऊ नयेत.

मुतखडा, सारकॉइडोसिस, चालू क्षयरोग, वाढलेलं कॅल्शियम, किंवा डिगॉक्सिन आणि थायझाइड गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

घ्यायची पद्धत: दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणानंतर, ज्यात तूप-तेल आहे. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, रिकाम्या पोटी घेतलं तर शोषण घटतं. पुडी अर्धा कप सायीच्या दुधात नीट ढवळा, प्या, कपाला चिकटलेलं थोडं दूध घालून पुन्हा प्या. वार ठरवा, गुरुवार तर गुरुवार, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठही तारखांना आधीच गोल करून ठेवा. एक आठवडा चुकला तर आठवेल त्या दिवशी घ्या, दोन एकदम नकोत.

गोल करायचं कारण असं की सर्वांत धोकादायक चूक इथेच होते: आठवड्याची पुडी रोज घेतली जाते. चिठ्ठीवरचा मजकूर नीट लागत नाही, दुकानदार ‘रोज एक’ सांगतो, नाहीतर आजोबा बीपीच्या गोळीच्या डबीत तीही टाकतात. चार-सहा आठवड्यांत कॅल्शियम चढू लागतं: मळमळ, उलट्या, खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, गुंगी, भ्रमिष्टपणा, आणि मूत्रपिंडावर घाला. अशी लक्षणं दिसली की पुडी आणि कॅल्शियम दोन्ही बंद करून त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासायचं. सोबत दुसऱ्या गोळ्यांतलं डी थ्रीही मोजा. कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांत २५० ते ५०० युनिट्स असतात, मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणखी.

एक नावाचा सापळा: कॅल्सिट्रिऑल. कॅल्शियमच्या काही गोळ्यांत ते ०.२५ मायक्रोग्रॅम असतं. हे तयार, सक्रिय रूप मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आहे. साध्या कमतरतेत त्याने साठा भरत नाही, कॅल्शियम मात्र वाढू शकतं. पाकिटावर ‘कोलेकॅल्सिफेरॉल’ लिहिलंय ना, ते वाचून घ्या.

सहा लाख युनिट्सचं इंजेक्शन ‘एकदाच टोचून मोकळं’ म्हणून लोकप्रिय आहे. पचनाचा आजार असल्याशिवाय ते टाळलेलं बरं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट्स तोंडावाटे दिले, तेव्हा पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण घटायच्या ऐवजी वाढलं. ते निष्कर्ष २०१० मध्ये आले.

कॅल्शियमची गोळी लागत असेल तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच. कार्बोनेट असेल तर जेवणासोबत. लोहाच्या गोळीपासून दोन तास, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर.

तान्ह्या बाळाला जन्मल्यापासून वर्षभर रोज ४०० युनिट्सचे थेंब, आईचं दूध पीत असलं तरी, कारण आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार कमी. बाटल्या मात्र एकसारख्या नसतात: कुठे १ मिलीत ४००, कुठे ८००. ब्रँड बदलला की ड्रॉपरवरची खूण नव्याने वाचा, जुन्या सवयीने भरू नका. मुडदूस झालेल्या मुलाला वर्षाच्या आत रोज २,००० आणि पुढे ३,००० ते ६,००० युनिट्स, किमान बारा आठवडे, सोबत कॅल्शियम, हे सगळं बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

परदेशात, म्हणजे ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग इथे, हिवाळ्यात सावलीचा नियमच निकालात निघतो, सूर्य तितका वर येतच नाही. ब्रिटन सरकार ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांना रोज ४०० युनिट्स सुचवतं, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असं सांगतं. गावाहून जाणाऱ्याच्या हाती ‘वर्षभराच्या’ साठ हजारांच्या पुड्या देण्यापेक्षा तिथली रोजची छोटी गोळी सोयीची.

पुन्हा तपासणी

रक्तात मोजल्या जाणाऱ्या २५-हायड्रॉक्सी डी चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) दोन-तीन आठवड्यांचं. पातळी स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून महिन्यात पुन्हा रक्त देऊ नका. सुरुवातीपासून तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण दोन लॅबच्या आकड्यांत पद्धतीमुळेही फरक पडतो. खुर्चीची चाचणीही त्याच दिवशी पुन्हा करा आणि सेकंद आधीच्या आकड्याशेजारी लिहा.

आठ पुड्या नीट घेऊनही आकडा हलला नाही, तर नवव्या पुडीकडे वळण्याआधी तीन गोष्टी बघा. खरंच जेवणानंतर घेतल्या का. वर सांगितलेल्यांपैकी फिट्सचं किंवा क्षयरोगाचं औषध चालू आहे का. आणि पोट सतत फुगणं, पातळ शौच, वजन घटणं, लोहही न वाढणं असं काही आहे का. तिसऱ्याचं उत्तर हो आलं, तर गहू बंद करायच्या आधी सीलिॲकची रक्तचाचणी करून घ्या. गहू सोडल्यानंतर केलेली चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.